तू ‘तार घ्या’ म्हणालीस

निर्मलाअक्का,

वीटभट्टीच्या मालकानं काल तुझ्या फोटोला हार घातला. शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा होती. तो ओढ्यापलीकडून जीपनं आला, चपला काढल्या, हार घातला आणि हात जोडून बराच वेळ उभा राहिला. मग माईकसमोर म्हणाला, “सिस्टरबाईंनी या गावाला नारूतून सोडवलं. मी काय केलं? मी नुसती करंटची तार दिली.” लोकांनी माना हलवल्या. ज्यांच्या पायातून तू नारू काढलेस ती माणसं रडत होती. मला बोलायला सांगितलं. बालवाडीच्या बाई, सिस्टरच्या सगळ्यात जवळच्या, म्हणून दोनदा नाव पुकारलं. मी उठले नाही. शेजारी माझी लेक संगीता बसली होती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, आणि मी तो बाजूला केला.

का केला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. पण आधी बाकीचं.

तू पहिल्यांदा आमच्या गावात आलीस तेव्हा मी तुला ‘सिस्टरबाई’ म्हणत होते आणि दारात उभं करूनच बोलत होते. तू मंठाळची, तुझ्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, आम्ही धनगर. गावात कुणी तुला पाणी विचारलं नाही. तुला त्याचं काही वाटलं असेल तर तू दाखवलं नाहीस. तू फक्त विचारलंस, “घरात कुणाच्या पायाला फोड आलाय का?” आणि माझा नवरा आतून खुरडत बाहेर आला. घोट्याजवळच्या फोडातून नारूच्या जंताचं तोंड दिसत होतं, दोऱ्यासारखं पांढरं. पेरणीचे दिवस होते. तो जमिनीवर बूड घासत दारापर्यंत आला, आणि संगीता त्याच्यामागं त्याची काठी घेऊन. तेव्हा ती लहान होती. बापाला चालता येत नाही हे तिला काही नवीन वाटत नव्हतं.

तू रोज येऊन तो नारू काडीला गुंडाळायचीस, थोडा थोडा. ओढला तर तुटतो, तुटला तर पाय सडतो, असं सांगायचीस. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी तुला आत बोलावलं. चहा दिला. कपबशी कुठली द्यायची यावर सासूनं माझ्याकडं बघितलं, मी आमच्यातलीच दिली. त्या दिवसापासून तू माझी अक्का.

बारवेवरचं तुझं भांडण तर मी डोळ्यांनी बघितलं. आमची बारव म्हणजे पायऱ्या उतरून थेट पाण्यात जायचं. नारूचा पाय घेऊन माणसं त्याच पाण्यात उतरायची, तेच पाणी भरायची, तेच प्यायची, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या पायाला फोड. तू वरच्या पायरीवर हात आडवे धरून उभी राहिलीस. म्हातारे चिडले.

“तू कोण गं आमच्या बारवला हात लावणारी?”

“मी कुठं हात लावायलेय, काका? तुमी पाय लावू नका म्हणायलेय.”

कुणी हसलं नाही. पण त्या दिवशी कुणी उतरलंही नाही. तू घरोघर गाळायला कापड वाटलंस, बारवेत औषध टाकलंस. तरी माणसं रानात तहान लागली की ओंजळीनंच प्यायची. तू म्हणायचीस, “सरू, जोवर ह्या पायऱ्या हायत तोवर नारू हाय. पाणी जमिनीतून वर यायला पायजे, माणूस खाली जाऊन उपयोग न्हाई.”

मग सरकारी मशीन आलं, खोल बोअर मारलं, पाणी लागलं. हातपंप बसवला तर उन्हाळ्यात दांडा हलवून नुसती हवा यायची. पाणी फार खाली होतं. मोटार पाहिजे होती, आणि मोटारीला करंट. आमच्या रस्त्याच्या कडेला विजेचे खांब येऊन पडलेले होते, त्यांच्यावर बकऱ्या बसायच्या. आमच्या कर्नाटकातली लाईन शेजारच्या चिंताकीपर्यंत आली होती, पुढं आमच्यापर्यंत येता येत नव्हती. आणि ओढ्याच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर, महाराष्ट्रात, दिवे होते.

पलीकडं भट्ट्याही होत्या. हे त्या सभेत कुणी बोललं नाही.

दिवाळीला भट्ट्या पेटायच्या त्या पावसापर्यंत. दगडी कोळसा, भुसा, आणि मालकाला स्वस्त पडायचे म्हणून ट्रक भरून जुने टायर. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून सुटला की सगळा धूर ओढा ओलांडून आमच्यावर. दोरीवरचे धुतलेले कपडे काळे. ज्वारीच्या कणसांवर काजळी. बालवाडीतली लेकरं गाणी म्हणायच्या ऐवजी खोकत बसायची. माझी संगीता त्यातच. तिला दम लागायचा. पहिल्यांदा लागला तेव्हा तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि मी तो मांजराचा आवाज समजून घरात मांजर शोधत होते.

तू तिच्या छातीला नळी लावून ऐकलंस आणि म्हणालीस, “हे धुराचं हाय. चल, आपण जाऊ.”

आपण किती फिरलो. आपल्या बाजूच्या कचेरीत तू कन्नडमध्ये बोललीस, मी बाजूला उभी. साहेब चांगला होता, त्यानं ऐकून घेतलं, खुर्ची दिली. पण म्हणाला, भट्ट्या आमच्या राज्यात नाहीत, मी काय करू? मग आपण पलीकडं गेलो. तिथला साहेबही चांगला होता. तो मराठीत म्हणाला, भट्टीचा धूर आमच्या गावात येत नाही, आमच्याकडं तक्रार नाही, तुम्ही कर्नाटकचे, तुमच्या साहेबांकडून या. येताना आपण बसमध्ये बसलो. मग एकदम म्हणालीस, “दोघांनाबी एकाच दिवशी ओढ्यात उभं करते बघ.”

आणि तू ते जवळपास केलंस. कुणाकुणाच्या हातापाया पडलीस मला माहीत नाही. पण दोन्हीकडचे साहेब एकत्र येऊन बघणार असं ठरलं. मी संगीताला सांगितलं, आता बंद होणार हे. मी इतकी खूश होते की नवऱ्याला सांगून घराला नवा चुना लावला. धूर नसेल तर पांढरा राहील म्हणून.

त्याच आठवड्यात मालक आपल्या गावात आला. देवळापुढं सतरंजी टाकली होती. तो काही वाईट बोलला नाही. तो कधीच वाईट बोलायचा नाही, तेच तर अवघड होतं. म्हणाला, “तुमच्या बोअरला मोटार पायजे. सरकार देईल तेव्हा देईल. माझ्याकडं माती मळायच्या मशीनला लाईन हाय. ओढ्यावरून तार टाकतो, मोटार माझी, बिल माझं. उद्या सुरू करा.” मग म्हणाला, “आता साहेब लोक यायलेत म्हणं बघायला. त्यांनी भट्टी बंद केली तर माझी लाईनबी बंद. मग मी तरी कुठून देऊ?”

सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं. मीही बघितलं, पण मला काळजी नव्हती. मला वाटलं, आता अक्का याला असं बोलेल की हा ओढ्यापलीकडं पळेल.

तू उभी राहिलीस. पदर खोचलास. म्हणालीस, “तार घ्या.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी म्हणाले, “अक्का?”

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. लोकांना म्हणालीस, “औंदा नारूची किती माणसं झोपून हायत ते तुमाला म्हाईत हाय. मोटार बसली की बारव बुजवायची. ही माझी अट. तार घ्या, बारव बुजवा. साहेब लोकांना मी सांगते, येऊ नका म्हणून.”

घरी येऊन मी तुला काय काय बोलले ते तुलाही आठवत असेल. आठवत असायचं. मी म्हणाले, तुझ्या पोटचं असतं तर तू असं केलं असतंस का? तुला लेकरू नव्हतं, आणि मी ते बोलले. तू ते गिळलंस. म्हणालीस, “सरू, मला दोनातलं एक निवड म्हणायलेत. नारूनं माणूस आज झोपतो. धुराचं आपण उद्या बघू.”

“आन् उद्याच्या आत माझ्या लेकीचं काय झालं तर?”

“मी हाय की.”

“तू काय वाऱ्याला धरून बसणार हायस?”

मी दार लावून घेतलं.

मोटार सुरू झाली. नळाला पाणी आलं तेव्हा बायांनी हळदकुंकू वाहिलं. बारव बुजवली. माझ्याच नवऱ्यानं दगड टाकले. दुसऱ्या वर्षी नारूचे फोड कमी, तिसऱ्या वर्षी एखाददुसरा, मग नाहीच. नवरा दोन पायांवर पेरणी करायला लागला. मी त्या नळाचं पाणी भरत होते. ते पीत होते. आणि तुझ्याशी बोलत नव्हते. औषधाच्या गोळ्या घ्यायला संगीता एकटी तुझ्याकडं यायची.

मग तो उन्हाळा. दुपार होती, वारा असा सुटला होता की पलीकडचे टायर आपल्याच अंगणात जळतायत असं वाटावं. संगीता शाळेतून आली आणि उंबऱ्यावरच बसली. खांदे वर-खाली. ओठ निळे. बोलता येईना. मी ओरडले, आणि कुणी बोलवायच्या आधीच तू आलीस. अजून मला कळलं नाही तुला कुणी सांगितलं. तू इंजेक्शन दिलंस. थोडं उतरलं, परत चढलं. तू म्हणालीस, “उदगीरला न्यायचं. आत्ता.” गावात गाडी नव्हती. तू पळत ओढा ओलांडलास आणि विटा भरलेला ट्रक घेऊन आलीस. ड्रायव्हर म्हातारा मुसलमान होता. मी काहीतरी विचारत होते, दवाखाना कुठला, पैसे किती. तो म्हणाला, “बैठो बाई, बातां नक्को.” तू मागं विटांवर बसलीस. मी पुढं, मांडीवर संगीता. सगळ्या वाटेवर मी तुला शिव्या देत होते, मनात नाही, तोंडानं. ड्रायव्हर ऐकत होता. भट्टीच्या ट्रकमध्ये बसून मी भट्टीला आणि तुला एकाच दमात शिव्या देत होते.

संगीता वाचली. तिथला डॉक्टर म्हणाला, हिला धुरापासून लांब ठेवा. लांब म्हणजे कुठं? माझा भाऊ निंबर्ग्याला. तिकडं तूर, मोकळी हवा. मी तिला तिथं पोचवून आले. येताना बसमध्ये तिची वेणीची रिबिन माझ्याच पिशवीत राहिली होती. ती मोठी तिकडंच झाली, अक्का. तिला पहिल्यांदा साडी नेसवली ती तिच्या मामीनं. दिवाळीला यायची नाही, कारण दिवाळीला भट्ट्या पेटायच्या. पावसाळ्यात यायची, पाहुण्यासारखी, आणि पातेलं कुठं असतं ते विचारायची.

तू मात्र भट्टीवर जायला लागलीस. मला वाटलं, मालकाची झालीस. नंतर कळलं, तिथं वीट पाडायला आंध्रातल्या तेलंगणातून आलेली माणसं होती, तेलुगू बोलणारी, त्यांची लेकरं भट्टीच्या कडेलाच निजायची. त्यांचा खोकला आमच्या लेकरांपेक्षा वाईट. ती ना आपल्या राज्याची, ना त्यांच्या. तू त्यांना औषध द्यायचीस. वरून तुला विचारणा झाली, कर्नाटकचं औषध महाराष्ट्रात आंध्रच्या लेकरांना कामून दिलं? तू काय उत्तर दिलंस ते तू मला कधी सांगितलं नाहीस. दवाखान्यातला शिपाई सांगत होता की तू म्हणालीस, “संपलं म्हणून लिवा, मी दुसरं मागते.” आणि टायर थांबवलेस तूच. सहा महिने मालकाच्या मागं लागलीस, त्याच्या बायकोला, त्याच्या आईला तपासायला जाऊन जाऊन. टायर बंद झाले. कोळसा राहिला.

हे सगळं मी लांबून बघत होते. चांगलं वाटायचं आणि राग जायचा नाही. दोन्ही एकदम.

शेवटी सरकारी लाईन आली. खांब उभे राहिले, आमच्या मोटारीला आमचा करंट मिळाला. त्याच संध्याकाळी तू माझ्या दारात आलीस. इतक्या वर्षांनी. आत आली नाहीस, उंबऱ्याबाहेरच उभी, पहिल्या दिवशी मी तुला उभं केलं होतं तशी. म्हणालीस, “सरू, आता त्यो आपलं पाणी तोडू शकत न्हाई. चल.”

मी चप्पल घातली.

या वेळी दोन्हीकडचे साहेब आले. खरंच ओढ्यात उभे राहिले, पाणी नव्हतं, वाळूत. एक कन्नडमध्ये बोलायचा, एक मराठीत, मध्ये तू. तू इकडचं तिकडं सांगताना त्यांच्या बोलण्यात आपलंही थोडं घालत होतीस, मला दोन्ही भाषा कळत होत्या म्हणून सांगते. ओढ्याकाठच्या भट्ट्या बंद झाल्या. मालकानं त्या पुढं नेल्या, कोसभर लांब, दुसऱ्या गावाच्या अंगावर. तिथल्या बाया तुझ्याकडं यायला लागल्या. तू तिकडं जायला लागलीस. मी म्हणाले, पुन्हा तेच. तू म्हणालीस, “मग? सोडून देऊ?”

आपण पुन्हा बोलायला लागलो, जेवलो एका ताटात, चिंताकीच्या बाजारात बांगड्या भरल्या. पण ते एक बोलणं राहिलं. एकदा मी विचारलं होतं तुला, बाजारातून येताना, “परत तसंच झालं तर काय करशील?” तू म्हणालीस, “तेच करीन.” मी म्हणाले, “मग मीबी तेच बोलेन.” तू म्हणालीस, “बोल की.” आणि पुढं चालायला लागलीस. मला वाटलं, कधीतरी बसून नीट भांडू. दोघी म्हाताऱ्या होऊ, तेव्हा वेळच वेळ. तुझं काळीज असं झोपेतच थांबेल हे कुणाला ठाऊक होतं?

आता संगीताचं सांगते.

सभेच्या आधी, सकाळी, आम्ही दोघी ओढ्याकडं गेलो होतो. ती आता अठरा वर्षांची आहे. तू गेल्याचं ऐकून निंबर्ग्याहून एकटी बस बदलत आली. जुन्या भट्टीच्या जागी नुसती लाल माती आहे, त्यावर बाभळी आल्यात. मी म्हणाले, “अक्कानं गावाला पाणी दिलं. तुला मात्र परक्या घरी वाढावं लागलं.”

ती म्हणाली, “मामीचं घर परकं नव्हतं, आई.”

मग म्हणाली, “आन् अक्कांनी मला विचारलं होतं.”

“काय विचारलं होतं?”

“देवळापुढं मालक बसला त्याच्या आदल्या दिवशी. मी गोळ्या आणायला गेले होते. त्यांना कळलं होतं त्यो काय बोलणार ते. मला म्हणाल्या, पाणी घेतलं तर भट्टी राहणार, तुला दम लागणार. मी काय करू, तू सांग.”

मी विचारलं, “तू काय म्हणालीस?”

“म्हणाले, पाणी घ्या. अप्पा दरसाल खुरडत जायचे ते मला बघवत नव्हतं.”

अक्का, ती दहा वर्षांची होती.

संगीता म्हणाली, “अक्का रडल्या होत्या तेव्हा. आईला सांगू नको म्हणाल्या न्हाईत. मीच सांगितलं न्हाई. तू त्यांना कधीच परत घरात घेतलं नसतंस.”

सभेत मालक बोलत होता तेव्हा मी हे ऐकून दोनच तास झाले होते. म्हणून मी उठले नाही, म्हणून तिचा हात बाजूला केला. उठले असते तर तुझ्या फोटोकडं बघून काय बोलले असते? दहा वर्षांच्या लेकराला तू एवढं मोठं काहीतरी विचारलंस. गावातल्या एकाही मोठ्या माणसानं, एकाही साहेबानं, त्या मालकानं तिला विचारलं नव्हतं. जिचा श्वास जाणार होता तिला विचारणारी तू एकटी. हे मला दिसतं. आणि तिची आई चार घरं पलीकडं भाकरी थापत बसली होती, तिला विचारलं नाहीस, हेही दिसतं. संगीता म्हणते, “तू न्हाई म्हणाली असतीस.” व्हय, मी नाही म्हणाले असते. तुझे पाय धरले असते. तरी तू माझ्यासमोर येऊन विचारायचं होतंस. मी नाही म्हणाल्यावर मग देवळापुढं उभं राहून ‘तार घ्या’ म्हणायचं होतंस. मी तेवढीच भांडले असते, पण तू मलाही हिशेबात धरलं होतंस असं तरी मला वाटलं असतं.

आज पहाटे उठून मी पहिल्यांदा तुझ्या खोलीकडं निघाले, हे बोलायला. अर्ध्या वाटेवर आठवलं. तिथंच उभी राहिले. हवा साफ होती, लांबचं चिंताकीही दिसत होतं. संगीता घरात झोपली होती, तोंड उघडं टाकून, आवाज न करता.

तुझी,
सरू